कार्डावरचे शब्द आणि घरातली सेवा



आपल्या मदतीवर चालणाऱ्या सुरगाण्याकडच्या दवाखान्यात मी परिचारिका आहे. या अंकात औषधांविषयी न लिहिता काही शब्दांविषयी लिहीत आहे. त्याचे कारण एक आजी.

मागच्या पावसाळ्यात पाड्यावरचा एक मुलगा आईचे डिस्चार्ज कार्ड घेऊन आला. आजींना लकवा झाला होता, उजवी बाजू गेली होती. शहरातल्या रुग्णालयातून घरी आणून बारा दिवस झाले होते. तो म्हणाला, “सिस्टर, यातली दोन औषधं कुठंच मिळत नाहीत.” मी कार्ड पाहिले. गोळ्यांच्या नावांखाली इंग्रजीत लिहिले होते : पोझिशन चेंज दोन तासांनी, बॅक केअर. त्याने ही औषधेच समजून तीन मेडिकल दुकाने पालथी घातली होती. एका दुकानदाराने अंगाला लावायची पावडर दिली, ती तो रोज लावत होता.

संध्याकाळी मी घरी गेले. आजी बाजेवर उताण्या होत्या. सुनेने त्यांना एकदाही हलवले नव्हते, कारण हलवले तर त्रास होईल असे तिला वाटे. मी कुशीवर वळवले, तर माकडहाडावर तळहाताएवढी जखम. त्या घरात माया भरपूर होती, पण कार्डावरच्या शब्दांचा अर्थ त्यांना कोणी सांगितला नव्हता.

त्या दिवसापासून आम्ही हे शब्द घरच्या भाषेत सांगतो. आपल्याही घरी कोणी अंथरुणाला खिळलेले असेल, म्हणून येथे देते.

पोझिशन चेंज म्हणजे कूस बदलणे. एकाच जागी भार राहिला की हाड आणि अंथरूण यांच्यामध्ये कातडी दाबली जाते, तिथले रक्त थांबते आणि मांस मरू लागते. म्हणून दर दोन तासांनी डावी कूस, उताणे, उजवी कूस. पाठीमागे गोधडीची गुंडाळी आणि दोन गुडघ्यांच्या मध्ये उशी द्यावी. पोटरीखाली घडी ठेवली की टाच अधांतरी राहते. पाड्यावर घड्याळ पाहायची सवय नसते, म्हणून आम्ही वेळा कामांना बांधून देतो : पाणी भरून आले की, भाकरी झाली की, गुरे सोडली की. रात्रीची पाळी घरातल्यांनी वाटून घ्यावी.

वर सरकवणे म्हणजे ओढणे नव्हे. बगलेत हात घालून ओढले तर पाठीची कातडी सोलते आणि लुळा खांदा निखळतो. कमरेखाली दुहेरी चादर घालावी, दोघांनी दोन बाजूंनी धरून अलगद उचलावी. पक्षाघाती माणसाला चौघांनी उचलून प्रभूकडे नेले, ही गोष्ट मी इथे नेहमी सांगते. रुग्ण उचलणे एकट्याचे काम नाही.

बॅक केअर हे औषध नाही, ते पाहणे आहे. रोज पाठ, माकडहाड, कुल्ले, घोटे, टाचा उजेडात पाहाव्यात. लाल डाग दिसला तर बोटाने दाबावे. बोट काढल्यावरही लाली तशीच राहिली तर जखमेची ती सुरुवात आहे. सावळ्या कातडीवर लाली दिसत नाही, तिथे जागा जास्त काळसर, गरम किंवा कडक लागते. ती जागा चोळू नये, तिच्यावर भार देऊ नये आणि दवाखान्यात कळवावे.

स्पंजिंग म्हणजे अंथरुणातच अंग पुसणे. कोमट पाणी, मऊ फडके. आधी डोळे, नाकाकडून कानाकडे, साबणाशिवाय. मग तोंड, हात, छाती, पाय, पाठ आणि सर्वांत शेवटी, पाणी व फडके बदलून, लघवी-शौचाची जागा, पुढून मागे. जेवढा भाग पुसायचा तेवढाच उघडा करावा, बाकी अंग झाकलेले असावे. म्हाताऱ्या माणसालाही लाज असते. काखा आणि जांघा कोरड्या कराव्यात. झंपर घालताना लुळा हात आधी, काढताना शेवटी.

बेडपॅन म्हणजे झोपून शौचाला द्यायचे भांडे. ते खालून रेटू नये. रुग्णाला कुशीवर वळवावे, भांडे टेकवावे आणि मग उताणे करावे. लघवीची नळी असेल तर पिशवी नेहमी कमरेच्या खाली, पण जमिनीला न टेकता अडकवावी.

पॅसिव्ह एक्सरसाइज म्हणजे रुग्णाला हलवता येत नाही तो हात-पाय आपण हलवणे. बोटे, मनगट, कोपर, गुडघा, घोटा, प्रत्येक सांधा सावकाश वाकवून सरळ करावा. दुखेल तिथे थांबावे. नाहीतर सांधे आखडतात. पुढे रुग्ण उभा राहू लागला की आपण लुळ्या बाजूला उभे राहावे, काठी चांगल्या हातात द्यावी.

आता आमच्या दवाखान्यातून घरी सोडताना आम्ही “समजलं का?” असे विचारत नाही, कारण उत्तर नेहमी “हो” असते. “वहिनी, करून दाखवा,” असे म्हणतो. जमेपर्यंत पुन्हा दाखवतो. यात अर्धा तास जातो, पण जखम भरायला महिने लागतात.

आजींची जखम डॉक्टरांनी साफ केली, मग रोज ड्रेसिंग. ती पूर्ण भरली तोवर भातकापणी उरकली होती. आज त्या भिंतीला टेकून बसतात आणि डाव्या हाताने भाकरी खातात. सून मला सांगते, “सिस्टर, कूस बदलायची वेळ झाली की त्याच मला हाक मारतात.”

प्रभूने कमरेला रुमाल बांधून शिष्यांचे पाय धुतले. अंग पुसणे, भांडे देणे ही कामे त्याच ओळीतली आहेत, असे मी मानते.

आपल्याकडे जुन्या सुती चादरी किंवा साड्या असतील तर धुऊन पाठवाव्यात. अंथरुणाला खिळलेल्यांसाठी आणि रात्री उठून त्यांची कूस बदलणाऱ्यांसाठी प्रार्थना करावी, ही विनंती.

आपली बहीण,
दवाखान्यातील एक परिचारिका