हंटरवाली आणि पिटातला प्रेक्षक

या व्याख्यानमालेत आमचे नाव जाहीर झाले तेव्हा कामगार चळवळीतला माणूस बोनस, महागाई किंवा नव्या कामगार संहिता यांवर बोलणार, अशी पुष्कळांची समजूत झाली. आम्ही विषय दिला तो मारधाडीच्या चित्रपटांचा, आणि त्यातही त्यांतल्या नायिकांचा. चालकांपैकी एका ज्येष्ठ गृहस्थांनी "विषय जरा हलका नाही का?" असे आम्हांस विचारलेही. त्या 'हलका' या शब्दाचाच हिशेब आज आम्हांस मांडावयाचा आहे.

आमचे बालपण लालबागच्या चाळीत गेले. शेजारच्या खोलीत एक निवृत्त साचेवाले आजोबा राहत. संध्याकाळी गॅलरीत बसले की आम्हां पोरांना ते हंटरवालीच्या गोष्टी सांगत. "अरे, आगगाडीच्या टपावर उभी राहून तिने चार गडी लोळवले! आणि ते खरं हां, बाहुली नव्हे." हे सांगताना दमेकरी आजोबांचा आवाज चढे. आम्ही तोवर तिचा एकही चित्रपट पाहिला नव्हता. पुढे रात्रशाळा झाली, युनियनचे वाचनालय झाले, आणि एका फिल्म सोसायटीच्या कृपेने जुन्या प्रती पाहावयास मिळाल्या. तेव्हा पटले की, आजोबांनी मीठमसाला फारसा लावलेला नव्हता.

ही हंटरवाली कोण? तिचे मूळ नाव मेरी इव्हान्स. जन्म ऑस्ट्रेलियातील पर्थ शहरी. वडील ब्रिटिश फौजेत, आई ग्रीक. लहानपणीच ती मुंबईस आली. पहिल्या महायुद्धात वडील गेले. पुढे काही वर्षे वायव्य सरहद्दीवर, पेशावरकडे काढली, तेथे ती घोड्यावर बसावयास शिकली. मुंबईस परतल्यावर तिने दुकानात विक्रेतीचे काम केले, नृत्य शिकली, सर्कशीत कसरती केल्या, गावोगाव फिरून नाचाचे कार्यक्रम केले. म्हणजे पडद्यावर येण्यापूर्वीच ही बाई हातावर पोट असणारी होती, हे आम्ही मुद्दाम सांगतो. 'नादिया' हे नाव तिने या फिरतीच्या काळातच घेतले.

तिला चित्रपटांत आणले ते जमशेद आणि होमी या वाडिया बंधूंनी. त्यांची 'वाडिया मूव्हीटोन' ही कंपनी १९३३ साली स्थापन झाली. स्टुडिओ कोठे? तर परळला, वाडिया घराण्याच्या लवजी कॅसल या वास्तूत, गिरण्यांच्या भोंग्यांच्या टप्प्यात. याच जागी १९४२ साली व्ही. शांताराम यांचे 'राजकमल' उभे राहिले. तेव्हा हे चित्रपट गिरणगावाने नुसते पाहिले असे नव्हे. ते गिरणगावातच तयार होत होते.

असे सांगतात की, जमशेदजींनी तिला प्रथम सुचविले, नाव बदलून 'नंदादेवी' घे आणि सोनेरी केसांवर काळ्या वेणीचा टोप घाल. बाईने उत्तर दिले की, हे आपल्या करारात नाही. नावही बदलले नाही आणि टोपही चढला नाही. नोकरीच्या पहिल्याच दिवसांत मालकाला कराराचे कलम दाखविणारी माणसे आम्ही आयुष्यात फार थोडी पाहिली आहेत. आमची तिच्यावरील भक्ती खरी म्हणजे येथून सुरू होते.

१९३५ साली होमी वाडियांच्या दिग्दर्शनाखाली 'हंटरवाली' आला. कथा साधी. दुष्ट प्रधान राजाला पळवून नेतो आणि राजकन्या माधुरी बुरखा चढवून, हातात हंटर घेऊन गोरगरिबांच्या वतीने त्याचा समाचार घेते. असल्या चित्रावर पैसा लावावयास वितरक तयार होईनात, तेव्हा वाडियांनी स्वतःच ते प्रदर्शित करण्याची खटपट केली. चित्र पंचवीस आठवड्यांहून अधिक चालले. बाजारात हंटरवालीच्या नावाचे चाबूक आणि पट्टे विकावयास आले.

आता हे चित्रपट स्वस्तात कसे निघत, तेही पाहू. एकच दरबार, एकच गुहा, एकच वाडा. पडदे आणि खांब हलविले की नवे राज्य तयार. मंडळी ठरलेली: नादिया, जॉन कावस, बोमन श्रॉफ, सरदार मन्सूर. घोडासुद्धा ठरलेला, त्याचे नाव 'पंजाब का बेटा', आणि त्याचे नाव जाहिरातीत येई. मोटार होती तिचे नाव 'रोल्स रॉइस की बेटी'. मोठे गवई नको, मोठे लेखक नको. जेथे पैसा कमी तेथे माणसाचे शरीर जास्त खर्ची पडते, हा नियम आम्ही कारखान्यात पाहिला आहे, तोच येथेही होता. बदली माणूस न घेता नादियाबाई स्वतः घोडा फेकीत, धावत्या गाडीच्या टपावर मारामारी करीत, पुरुषाला डोक्यावर उचलून फेकीत, सिंहांबरोबर काम करीत. साचेवाले आजोबांच्या 'ते खरं हां' या शब्दांतले सारे महत्त्व हे आहे. अंगमेहनत करणाऱ्या माणसाला दुसऱ्याची अंगमेहनत बरोबर ओळखू येते.

सुशिक्षितांनी या चित्रपटांना नाके मुरडली. पिटातल्या लोकांची करमणूक, असे म्हणून विषय संपविला. पण पिटात बसत होते कोण? १९३४ चा गिरण्यांचा मोठा संप फसून वर्षच लोटले होते. दिवसभर जॉबरपुढे मान खाली घालणारा मनुष्य रात्री चार पैसे मोडून त्या अंधारात बसे आणि एक बाई उभ्या उभ्या अन्यायाला फटके मारते आहे हे पाही. यात क्रांती होती असे आम्ही म्हणत नाही. हंटरने संप जिंकता येत नाहीत, त्याला संघटना लागते. पण अन्याय हा निसर्गनियम नसून त्याला कोणी जबाबदार असतो आणि त्याला जाब विचारता येतो, एवढी गोष्ट त्या चित्रांनी निरक्षर माणसापर्यंत पोहोचविली.

हे केवळ आमच्या मनाचे खेळ नव्हेत. जमशेद वाडिया हे मानवेंद्रनाथ रॉय यांचे अनुयायी होते. ज्या विचाराची ओळख मराठी वाचकाला तर्कतीर्थ लक्ष्मणशास्त्री जोशी यांच्यामुळे झाली, तोच हा विचार. १९४० च्या 'डायमंड क्वीन'मध्ये नायिका मुंबईहून शिकून गावी परतते. तेथे साक्षरता आणि स्त्रियांचे स्वातंत्र्य हे विषय मारामारीच्या जोडीला उघडपणे येतात. १९३६ च्या 'मिस फ्रंटियर मेल'मध्ये खुनाचा खोटा आळ आलेल्या बापाला सोडविण्यासाठी मुलगी रेल्वे लुटणाऱ्या टोळीच्या मागे लागते. नवरा मिळविणे हे या नायिकांचे मुख्य काम नाही.

एक आक्षेप मात्र खरा आहे. ही नायिका गोरी होती. भारतीय वर्णाच्या मुलीला तसे उभे राहू दिले असते का? बहुधा नसते. तिची शिथिल शालीनता परदेशी म्हणून खपून गेली. मोठेपण मान्य करताना ही उणीव लपविण्याचे कारण नाही.

त्या आक्षेपाचे उत्तर पुढे चाळीस वर्षांनी मिळाले, पण फार वेगळ्या रीतीने. १९७५ च्या 'शोले'तील बसंतीचा धावता टांगा सर्वांस आठवतो. त्यात हेमामालिनींच्या जागी अनेक धोक्याची कामे रेश्मा पठाण यांनी केली. त्या कामात टांगा उलटून त्या जखमीही झाल्या. मारधाड करणाऱ्यांच्या संघटनेत सभासदत्व मिळविणाऱ्या पहिल्या स्त्रियांत त्यांची गणना होते. नाही तर स्त्रीच्या जागी पुरुषालाच टोप आणि साडी चढविण्याची चाल होती. नादियाचे नाव भित्तिपत्रकावर मोठ्या अक्षरांत असे. रेश्माबाईंच्या कामाची खूण हीच की, त्या ओळखू येता कामा नयेत. त्यांच्या आयुष्यावर चित्रपट निघाला तो २०१९ साली.

आमचा मुद्दा एवढाच आहे. पडद्यावरचे धाडस हे कोणाचे तरी काम असते, आणि कामाला करार लागतो, विमा लागतो, मर्यादित तास लागतात. चित्रपट कामगारांशी लेखी करार करावा असा कायदा संसदेने १९८१ साली केला. पुढे तो विषय २०२० च्या कामगार संहितेत सामावला गेला. कागदावर कलम आहे. पण चित्रणाच्या जागी पडून मनुष्य दगावल्याच्या बातम्या आजही येतात, आणि दोन दिवसांनी त्या विसरल्याही जातात.

नादियाबाईंनी १९६१ साली होमी वाडियांशी विवाह केला आणि १९९६ साली मुंबईतच त्या वारल्या. त्याआधी तीन वर्षे, १९९३ साली, वाडिया घराण्यातीलच रियाद वाडिया यांनी त्यांच्यावर माहितीपट काढला, म्हणून नव्या पिढीला त्यांचे नाव कळले. आमच्या शेजारच्या आजोबांना तो पाहावयास मिळाला नाही.

श्रोतेहो, यापुढे एखाद्या मारामारीवर खुशाल शिट्टी वाजवा, आम्हीही वाजवितो. मात्र चित्र संपल्यावर लगेच उठू नका. शेवटी भराभर वर सरकणाऱ्या नावांत धोक्याची कामे करणाऱ्यांची नावे आहेत का, आणि त्यांत बायका किती, एवढे पाहून मग दिव्यांच्या उजेडात घरी जा.