छपरांवरचे जाळे

जमिनीखाली अगदी नव्या तारा, आणि नव्या आहेत म्हणूनच घरात इंटरनेट नाही! वाचकांना येथे मुद्रणदोषाची शंका येईल. पण बर्लिन शहराच्या पूर्वभागातील कित्येक रहिवाशांची काही काळ अशीच गत झाली होती. १९९० साली दोन्ही जर्मनी एक झाल्या. पूर्वेकडील टेलिफोनची अवस्था शोचनीय होती. एवीतेवी नवे करायचेच, तर उत्तम करावे, अशा हिशेबाने काही वस्त्यांत तांब्याऐवजी काचतंतूंच्या तारा घातल्या गेल्या. पुढे वेगवान इंटरनेट आले ते डी.एस.एल. पद्धतीचे, आणि ती पद्धत पडली तांब्याच्या तारेवर चालणारी. जुन्या तारांचे धनी पुढे गेले. फ्रीडरिक्सहाइनसारख्या भागातील नव्या तारांचे धनी हात चोळीत बसले.

बसून राहिले नाहीत ते थोडे खटपटे लोक. लंडनमध्ये २००० सालापासून ‘कन्झ्यूम’ नावाची मंडळी शेजाऱ्यांची घरे बिनतारी यंत्रांनी जोडीत होती. २००२ च्या ऑक्टोबरात ती बर्लिनला आली, बैठक झाली आणि ‘फ्रायफुंक’ म्हणजे ‘मुक्त बिनतारी’ हे नाव रूढ झाले. युर्गेन नॉइमान हे या उद्योगाच्या आद्य प्रवर्तकांपैकी एक.

युक्ती साधी होती. ज्याच्याकडे चांगली जोडणी असेल त्याने आपल्या छपरावर अँटेना लावायची. शेजारच्या छपरावरील पेटीने ती लहर झेलायची आणि पुढच्या छपराकडे द्यायची. या लहरींना सरकारी परवाना लागत नाही. एखादी पेटी बंद पडली तर मजकूर दुसऱ्या छपरावरून वाट काढतो. काही चर्चच्या मनोऱ्यांवरही अँटेना चढल्या. उंचीची सोय त्याहून चांगली कोठे मिळणार?

जाळे वाढले तशी अडचण आली. प्रत्येक पेटीने साऱ्या शहराचा नकाशा डोक्यात ठेवायचा म्हटले, तर बिचाऱ्या स्वस्त पेटीची बुद्धी शिणू लागली. तेव्हा या मंडळींनी नवी रीत काढली आणि तिला गमतीने नाव दिले ‘बॅटमॅन’. आपल्या मांडवीत कोणास दांडिया बाजारचा रस्ता विचारा; तो सारे बडोदे समजावून सांगत नाही, “त्या कोपऱ्यावर विचारा,” एवढेच म्हणतो. बॅटमॅनची पेटी तेच करते. २०११ मध्ये या पद्धतीला लिनक्स प्रणालीच्या गाभ्यातही स्थान मिळाले.

यंत्राचे कोडे असे सुटले. कायद्याचे सुटेना. २०१० च्या मे महिन्यात जर्मनीच्या सर्वोच्च दिवाणी न्यायालयाने ठरविले की, बिनतारी जोडणी नीट बंदिस्त न ठेवणाऱ्या मालकाला, तिसऱ्याच कोणी तिच्यावरून गाणे चोरून वाटले तरी, नोटिशीचा खर्च सोसावा लागेल. पाहुण्याने पाप करावे आणि यजमानाने प्रायश्चित्त घ्यावे, असा हा न्याय! दार उघडे ठेवणे हाच ज्यांचा धर्म, त्यांनी काय करावे? त्यांनी आपल्या जाळ्यातील मजकूर गुप्त वाटेने आधी स्वीडनला नेला आणि तेथून जगात सोडला. शेजारच्या गल्लीतील माणसाचे पत्र परदेशाची वारी करून येऊ लागले. त्या वळशाचा खर्च आणि विलंब या मंडळींनी सोसला, आणि २०१५ साली आलेल्या निर्वासितांच्या छावण्यांतही पेट्या बसविल्या. ज्यांचे घरदार मागे राहिले, त्यांना आईशी दोन शब्द बोलता आले.

म्युनिकजवळील एक दुकानदार टोबियास मॅकफॅडन यांच्या खुल्या जोडणीवरून २०१० साली एक गाणे वाटले गेले होते. ते प्रकरण युरोपीय न्यायालयापर्यंत गेले. २०१६ च्या निकालात नुकसानभरपाईतून दुकानदार सुटला, पण जोडणीला परवलीचा शब्द लावण्याची सक्ती करता येईल, असेही न्यायाधीशांनी म्हटले. म्हणजे दार उघडे, पण कडी लावून! अखेर २०१७ च्या ऑक्टोबरात जर्मनीने कायदाच बदलला, आणि नोटिशीच्या खर्चाचे ओझे यजमानाच्या डोक्यावरून उतरले.