पाय टेकण्याआधीच

दोरीवरच्या उड्या मारताना पोटरीचे स्नायू पाय टेकल्यावर कामाला लागतात, असं आपल्याला वाटतं. प्रत्यक्षात पाय हवेत असतानाच ते आवळलेले असतात. जमीन कधी लागणार याचा अंदाज बांधून मेंदू आधीच आदेश धाडतो.

मेलविल जोन्स आणि वॉट या संशोधकांनी १९७१ मध्ये हे मोजून दाखवलं. घोटा अचानक वर वाकवला, तर पोटरीचा जोरकस प्रतिसाद यायला साधारण १२० मिलिसेकंद लागतात, असं त्यांना आढळलं. उतरतानाचा धक्का झेलायला हा उशीर परवडत नाही, म्हणून झेलण्याचं काम पूर्वतयारीवरच चालतं. जिन्याची शेवटची पायरी अंधारात चुकली की हाडांपर्यंत हादरा बसतो, तो ही तयारी चुकीच्या क्षणासाठी झालेली असते म्हणून.

मग प्रतिक्षिप्त क्रिया निरुपयोगी का? मुळीच नाही. ताणलेल्या स्नायूचा संदेश मज्जारज्जूतूनच परतून ४०-५० मिलिसेकंदांत पहिला प्रतिसाद येतो, आणि पुन्हा वर उसळताना तो जोर वाढवतो.

मला सगळ्यात विलक्षण वाटते ती टाचेमागची जाड कंडरा. आवळलेला स्नायू फारसा लांबत नाही. रबरासारखी ताणली जाते ती कंडरा, आणि साठलेली बरीचशी ऊर्जा ती लगेच परत देते. म्हणून सेकंदाला सुमारे दोन उड्यांची लय सुखाची वाटते. प्रत्येक उडीनंतर गुडघे वाकवून थांबून पाहा: ती ऊर्जा उष्णता होऊन वाया जाते आणि दम लवकर लागतो.