अडकलेले शीड

आमच्या कडेगावात समुद्र नाही. पण मोहरमचे गगनचुंबी ताबूत पाहत वाढलेल्या माणसाला उंचीवरचा वारा काय करतो, हे सांगावे लागत नाही. नोकरीसाठी मुंबईत आल्यावर एका मित्राच्या जुन्या शिडाच्या नौकेवर मी रविवारी जाऊ लागलो.

या नौकेचे मुख्य शीड पोकळ डोलकाठीच्या आत गुंडाळले जाते. दुकानाचे शटर जसे, तसेच. फक्त गुंडाळी उभी. काठीत एक दांडा फिरतो आणि उभ्या फटीतून शीड आत जाते. वारा वाढला, की हवे तेवढेच बाहेर ठेवायचे. हलत्या डेकवर चढावे लागत नाही, म्हणून दोनच माणसांनाही मोठी नौका हाकता येते.

एकदा मांडव्याहून परतताना वारा चढला आणि शीड अर्ध्यावर अडकले. ना आत, ना बाहेर. नौका एका बाजूला कलली. अर्धा तास दोर ओढत-सोडत ते कसेबसे आत घातले.

मित्र सगळी यंत्रणाच बदलायला निघाला होता. शिडे शिवणाऱ्या कारागिराने मात्र आधी कापड जमिनीवर पसरले. वर्षानुवर्षांच्या उन्हावाऱ्याने पॉलिएस्टर ताणून मध्ये झोळ आला होता. गुंडाळताना त्या झोळाच्या घड्या पडत, गुंडाळी जाड होई आणि फटीत अडके. म्हणून नवे शीड घट्ट विणीच्या कापडाचे, कमी फुगीर बेतून घेतले. दांड्याची झिजलेली बेअरिंगही बदलली.

नेहमीच्या शिडाला आडव्या पट्ट्या घालतात. त्या अशा गुंडाळीत जात नाहीत. अलीकडे उभ्या पट्ट्यांची शिडे मिळतात. त्यांनी शिडाचा आकार सुधारतो, पण अडकण्याची एक जागाही वाढते. मित्राने त्या टाळल्या.

राहिली आपली सवय. गुंडाळताना शिडातला वारा बराचसा काढावा, मात्र मागच्या कोपऱ्याच्या दोरावर हलका ताण ठेवावा. दोर एकदम सोडला, तर नवे शीडही घड्या घालते.

दिलीप दोंदे यांनी २००९-१०मध्ये ‘म्हादेई’तून एकट्याने जगप्रदक्षिणा केली. तिथे मदतीला दुसरा हात नव्हता. आमचा प्रवास तासाभराचा. पण आता आम्ही वारा चढण्याची वाट पाहत नाही. शीड आधीच थोडे आत घेतो.

(नभोवाणीवरील भाषणाचा संपादित अंश)