जुन्या ओळखीचा हट्ट

टोरेंटवर लेख हवा, संपादक म्हणाले, पण चोरीचे सिनेमे नकोत. ते वाचकांना आपल्यापेक्षा जास्त ठाऊक असतात. मग उरतं ते यंत्र. म्हणून लॅपटॉपवर डेबियन लिनक्सची फाइल उतरवायला लावली, फाइल कोणाकडे आहे हे सांगणारे मध्यवर्ती ट्रॅकर बंद केले आणि वायरशार्क उघडून ये-जा करणारी पॅकेटं बघत बसलो.

पॅकेट अगदी एवढंसं. त्यात माझ्या संगणकाचा २० बाइटचा क्रमांक, हव्या असलेल्या फाइलचा तेवढाच लांब क्रमांक आणि एकच प्रश्न: ही कोणाकोणाकडे आहे? उत्तरात फाइलवाले नव्हतेच, आठ अनोळखी संगणकांची यादी होती. प्रत्येकाला २६ बाइट: २० क्रमांकाचे, ४ आयपी पत्त्याचे, २ पोर्टचे. म्हणजे, मला ठाऊक नाही, पण हे आठ जण त्या क्रमांकाच्या माझ्यापेक्षा जवळ आहेत, त्यांना विचार. त्यांना विचारलं, त्यांनी आणखी जवळचे सांगितले. असं करत करत फाइल असलेल्यांचे पत्ते हाती आले. मध्ये कुठलंही मुख्यालय नाही, कुठलीही मोठी यादी नाही. या जाळ्याला मेनलाइन डीएचटी म्हणतात. हेलसिंकी विद्यापीठातल्या संशोधकांनी २०१३ साली प्रसिद्ध केलेल्या मोजणीत त्यावर एका वेळी दीड ते पावणेतीन कोटी संगणक दिसले होते.

इतिहास थोडक्यात उरकतो. गाण्यांच्या फाइली वाटून घेण्याच्या १९९९च्या नॅपस्टरकडे एकच मध्यवर्ती यादी होती. २००१ मध्ये कोर्टाचा फटका बसला आणि यादीबरोबर सगळंच बंद पडलं. न्यूटेलाने यादीच काढून टाकली, पण मग प्रत्येक प्रश्न शेजाऱ्याला, त्याच्या शेजाऱ्याला, असा गावभर ओरडत फिरायचा. २००१ मध्ये कॅन, कॉर्ड, पेस्ट्री आणि टॅपेस्ट्री हे चार आराखडे जवळजवळ एकदमच आले: यादी ठेवायची, पण तिचे तुकडे करून सगळ्यांत वाटायची, आणि कुठला तुकडा कोणाकडे हे गणिताने ठरवायचं. त्यातल्या कॅनच्या प्रमुख लेखिका सिल्व्हिया रत्नसामी पुणे विद्यापीठातून १९९७ साली इंजिनिअर झालेल्या. कॉर्डच्या लेखकांपैकी हरी बालकृष्णन यांचा जन्म नागपूरचा. आपल्याकडे याची फारशी चर्चा झाल्याचं मला तरी आठवत नाही.

टिकला मात्र पाचवा आराखडा. न्यू यॉर्क विद्यापीठातल्या पेतार मायमुनकोव्ह आणि डेव्हिड माझिएर यांनी २००२ मध्ये मांडलेला कॅडेम्लिया. मेनलाइन डीएचटी त्याच्यावरच उभं आहे.

त्याची गंमत अंतर मोजण्यात आहे. दोन क्रमांक एकाखाली एक लिहायचे. बिट सारखे असतील तिथे ०, वेगळे असतील तिथे १. १०११ आणि १००१ यांच्यातलं अंतर ००१०, म्हणजे २. १०११ आणि ००११ यांच्यातलं १०००, म्हणजे ८. याला एक्सॉर म्हणतात. भूगोलाशी त्याचा काडीचा संबंध नाही. नाशिकच्या संगणकाचा सख्खा शेजारी नॉर्वेत असू शकतो. पण मी तुझ्यापासून जितका लांब, तितकाच तू माझ्यापासून. हे सांगायला कशाला हवं, असं वाटेल. कॉर्डमध्ये तसं नाही. तिथे अंतर वर्तुळावर एकाच दिशेने मोजतात, त्यामुळे मला प्रश्न विचारणारा माझ्या ओळखीच्या पत्त्यांच्या वहीत लिहून ठेवण्याच्या कामाचा असेलच असं नाही. कॅडेम्लियात मात्र आलेला प्रत्येक प्रश्न ही फुकटची ओळख असते. वही आपोआप भरत जाते.

मी रमलो तो या वहीत. तिच्यात अंतराप्रमाणे कप्पे असतात आणि मेनलाइनमध्ये प्रत्येक कप्प्यात जागा फक्त आठ. जाळ्यातले निम्मे संगणक सर्वात लांबच्या कप्प्यात मोडतात, त्यांनाही आठच जागा. उरलेल्यांतले निम्मे पुढच्या कप्प्यात, त्यांनाही आठ. परक्या गावात पत्ता विचारावा तसं आहे हे: ज्याला विचारू त्याला लांबच्या पेठेतलं कोणी तरी एक माहीत असतं, स्वतःच्या गल्लीतलं मात्र घर न् घर. कोटी-दोन कोटींच्या जाळ्यातही वहीत फार तर दोनशेच्या आसपास नावं होतात, साधारण पाच किलोबाइट. मोबाइलवरचा एक फोटोसुद्धा यापेक्षा कितीतरी मोठा असतो. आणि प्रत्येक उत्तरागणिक उरलेलं अंतर निम्मं किंवा त्याहून कमी होत असल्यामुळे कोटींतून वाट काढायला दोन डझन पावलं पुष्कळ झाली.

कप्पा भरला आणि नवा कोणी आला तर? मला वाटलं होतं, सर्वात जुन्याला काढत असतील. उलट आहे. पंधरा मिनिटांत ज्याची काहीच खबर नाही, अशा जुन्या माणसाला आधी हाक मारायची. उत्तर नाही आलं तर पुन्हा एकदा मारायची. 'ओ' दिली की त्याची जागा पक्की, नवा बाहेर. हा हट्ट आकडेवारीतून आलाय: न्यूटेलावरच्या नोंदींत असं दिसलं होतं की जो जितका जास्त वेळ जाळ्यावर आहे, तो आणखी तासभर टिकण्याची शक्यता तितकी जास्त. शिवाय कोणी एकदम लाखभर नवे संगणक आणून ओतले तरी जिवंत जुन्यांना धक्का लागत नाही. अशी सनातनी वृत्ती सॉफ्टवेअरमध्ये मला क्वचितच दिसली आहे, आणि आवडली.

पण काळजीही इथूनच सुरू होते. जुन्याची जागा पक्की, ठीक; पण क्रमांक कोण देतं? कोणी देत नाही. ज्याचा त्याने घ्यायचा, यदृच्छेने. ज्या कार्यशाळेत कॅडेम्लिया मांडला गेला, त्याच २००२च्या कार्यशाळेत मायक्रोसॉफ्टच्या जॉन डूसर यांनी दाखवलं की ओळखपत्र देणारा मध्यवर्ती कोणी नसेल, तर एक जण हजार जण बनून येऊ शकतो आणि ते ओळखण्याचा भरवशाचा उपाय व्यवहारात नाही. सिबिल हल्ला म्हणतात याला. एखाद्या फाइलच्या क्रमांकाला चिकटून असलेले क्रमांक मुद्दाम घ्यायचे, की तिच्यासाठीचे सगळे प्रश्न आपल्याच दारात. २००९ मध्ये वॉशिंग्टन विद्यापीठाच्या 'व्हॅनिश'ने ठरावीक वेळाने आपोआप नष्ट होणाऱ्या संदेशांच्या किल्ल्या व्हूझ या टोरेंट प्रोग्रॅमच्या अशाच जाळ्यात ठेवल्या होत्या. दुसऱ्या संशोधकांनी स्वस्तातले बनावट संगणक घुसवून त्या नष्ट होण्याआधीच गोळा करता येतात हे दाखवून दिलं.

बाकी अडचणी किरकोळ नाहीत, पण निदान समोर दिसतात. नव्या संगणकाची वही कोरी असते, म्हणून आत शिरण्यासाठी राउटर डॉट बिटटोरेंट डॉट कॉम यासारखे मोजके पत्ते सॉफ्टवेअरमध्ये आधीच लिहिलेले असतात. केंद्र नसलेल्या जाळ्याचा दरवाजा सर्वांना माहीत. मोबाइल कंपन्या हजारो ग्राहकांना एकाच सार्वजनिक पत्त्यामागे ठेवतात, त्यामुळे फोन प्रश्न विचारतो पण त्याला सहसा कोणी विचारू शकत नाही. आणि माझा प्रश्न ज्याच्या ज्याच्याकडे गेला, त्याला माझा आयपी पत्ता आणि मी काय शोधतोय, दोन्ही कळलं. मी डेबियन शोधत होतो म्हणून निवांत होतो.

सिबिलवर उपाय सुचवला आर्विद नॉरबर्ग यांनी: क्रमांकाचे सुरुवातीचे बिट आयपी पत्त्यावरूनच काढायचे, म्हणजे एका पत्त्यावरून मनाला येईल तो क्रमांक घेता येणार नाही. सोपं आणि बरंच परिणामकारक. पण ज्यांनी जुनं सॉफ्टवेअर बदललेलं नाही ते सगळे या नियमाने तुटतील. त्यामुळे पुष्कळ टोरेंट प्रोग्रॅमच्या पोटात असलेल्या, नॉरबर्ग यांनीच लिहिलेल्या लिबटोरेंटमध्ये या नियमाची सक्ती करण्याचं बटण आहे, आणि ते मुळात बंद ठेवलेलं असतं.