‘मिस्ट ओव्हर’ : एका जोडक्रियापदाचा विचार

इंग्रजी भाषा शिकतांना मोठ्या शब्दांपेक्षां लहान शब्दच विद्यार्थ्यांस अधिक फसवितात. ओव्हर, अप, आउट हे शब्द कोणास येत नाहींत? परंतु तेच क्रियापदास जोडले गेले म्हणजे अर्थ पालटतो. ‘मिस्ट ओव्हर’ हें जोडक्रियापद याचें चांगलें उदाहरण होय.

मिस्ट म्हणजे विरळ धुकें. हवामानशास्त्रांत दृष्टीचा पल्ला १००० मीटरांहून कमी झाला तर त्या धुक्यास फॉग म्हणतात. पल्ला त्याहून अधिक राहिला तर मिस्ट. ओव्हर या शब्दानें पृष्ठभाग झांकला गेल्याचा भाव येतो. म्हणून ‘द विंडो मिस्टेड ओव्हर’ याचा अर्थ, खिडकीच्या काचेवर वाफ धरून पलीकडचें दिसेनासें झालें. मराठींत ‘वाफ धरली’ म्हणतांना कर्ता वाफ असते. इंग्रजींत मात्र काच हीच कर्ता होते, हें ध्यानांत ठेवावें.

असें कां घडतें? इंग्लंडांत हिंवाळ्यांत खोली उबदार असते, परंतु खिडकीची काच बाहेरच्या थंडीनें गार पडते. खोलींतील हवेंतली अदृश्य वाफ त्या काचेस लागतांच तिचे सूक्ष्म जलबिंदु बनतात. आपल्याकडे थंड पाण्याच्या तांब्यास बाहेरून पाणी सुटतें, त्याचेंही कारण हेंच.

याच कुळांतील दुसरीं क्रियापदें पाहा. आभाळ भरून आलें म्हणजे तें ‘क्लाउड ओव्हर’ झालें. तळ्यावर बर्फाचा थर धरला म्हणजे तें ‘फ्रीझ ओव्हर’ झालें. गरम चहाच्या वाफेनें चष्मा धुरकटला, तर ‘स्टीम अप’ किंवा ‘फॉग अप’ म्हणतात.

खरी कसोटी पुढेंच आहे. गोष्टींतील माता दूरदेशीं गेलेल्या मुलाचें पत्र वाचते आणि तिचे डोळे ‘मिस्ट ओव्हर’ होतात. येथें धुकें नाहीं. तिचे डोळे पाणावले आहेत. तेच डोळे ‘ग्लेझ ओव्हर’ झाले असते, तर ते कंटाळ्यानें निस्तेज झाले, असा अर्थ झाला असता. दोहोंत गल्लत केली, तर मातेची माया उदासीनता ठरेल!

यास्तव, विद्यार्थिमित्रहो, असा ‘ओव्हर’ भेटला म्हणजे केवळ कोशावर विसंबूं नका. कशावर काय पसरलें व त्यामुळें काय झांकलें गेलें, एवढें स्वतःस विचारा. अर्थ बहुधा आपोआप उलगडेल.