मोडाशानंतर

गुजरातमधल्या बाजव्यातल्या आम्हां मराठी घरांत २००९ च्या फेब्रुवारीपर्यंत काविळीची फारशी धास्ती नव्हती. उसाचा रस, पथ्यपाणी, विश्रांती, की उतरली. मग साबरकांठ्यातल्या मोडाशाहून बातम्या येऊ लागल्या. तिथली कावीळ हिपॅटायटिस बीची होती आणि वापरलेल्या सुया-सिरिंज पुन्हा टोचल्याने पसरली होती. रुग्ण शेकड्यांनी सापडले, कित्येक दगावले, डॉक्टरांना अटक झाली.

त्या मृत्यूंमागचं कारण आजही अनेकांना ठाऊक नाही. हा विषाणू यकृताच्या पेशीला स्वतः फारसा मारत नाही. लागण झालेली पेशी हेरून तिला मारतात त्या आपल्याच संरक्षक पेशी. हल्ला एकदम, सर्वत्र झाला तर यकृत काही दिवसांत निकामी होतं. तोच वर्षानुवर्षं धुमसत राहिला तर पेशी मरतात, नव्या येतात, त्याही मरतात. शेजारच्या स्टेलेट पेशी चिवट तंतू साठवत जातात आणि मऊ यकृत निबर होतं. हाच सिरॉसिस.

मोठेपणी लागण झाली तर शंभरातल्या नव्वदांहून अधिक जणांचं शरीर विषाणूला हुसकावतं. जन्मताना आईकडून झाली तर शंभरातल्या सुमारे नव्वद बाळांत तो कायमचा राहतो. बीची लस २०११ मध्ये देशभरच्या लसीकरणात आली. तिचा जन्मानंतर २४ तासांतला डोस मला सर्वांत मोलाचा वाटतो.

औषधांनीही या काळात मोठा पल्ला गाठला. हिपॅटायटिस सीवरचं सोफोस्बुविर २०१५ मध्ये भारतीय कंपन्यांनी स्वस्तात आणलं. सीचा विषाणू पेशीच्या केंद्रकात ठाण मांडत नाही, त्यामुळे बहुतेक रुग्ण बारा आठवड्यांत पूर्ण बरे होतात. बी मात्र केंद्रकात आपल्या डीएनएचं बंद कडं ठेवतो. त्यावरचं टेनोफोविर हे औषध नव्या प्रती रोखतं, त्या कड्याला हात लावू शकत नाही. म्हणूनच रिपोर्ट सुधारला की परस्पर गोळी बंद करणाऱ्यांची मला काळजी वाटते. विषाणू उसळतो, पाठोपाठ पेशींचा संहारही.

नेमाने घेतली तर? पाच वर्षं टेनोफोविर घेतलेल्यांच्या बायोप्सींचा अभ्यास २०१३ मध्ये ‘लॅन्सेट’मध्ये आला. सुरुवातीला सिरॉसिस असलेल्या ९६ जणांपैकी ७१ जणांत तो उरला नव्हता. निबर यकृत पुन्हा मऊ होऊ शकतं, हे तोवर किती जणांनी मानलं असतं?

२८ जुलै २०१८ रोजी सुरू झालेल्या राष्ट्रीय कार्यक्रमात तपासणी आणि ही औषधं सरकारी केंद्रांवर मोफत मिळतात. घरात एकाला बी निघाला तर बाकीच्यांचीही बीची लागण ओळखणारी एचबीएसएजी चाचणी करून, गरज असेल त्यांना लस द्यायला हवी.